चुकलं माझं, एवढंच तर म्हणायचं होतं

...नाही, पण मी म्हणतो, स्टेजच्या मधोमध माईक टांगलेला असताना माणूस कोपऱ्यात जातोच कसा? वर्ष झालं त्या गोष्टीला, बहात्तरच्या चैत्रातल्या यात्रेतली गोष्ट, पण अजून आठवलं की तुम्हाला सांगतो, माझं डोकं तापतं! गहिनीनाथ काही परका नाही, आमच्याच आळीतला, लहानपणापासूनचा दोस्त, माणूस सोन्यासारखा. पण ते डोकं... ते डोकं नव्हे हो, काष्टीचा बैलबाजार आहे! एका विचाराला धरावं तर दुसरा दावं तोडून पळतो, त्याच्यामागं तिसरा, आणि हा मधे उभा, आता कोणाला आवरू!

आमच्या गावात यात्रेला नाटक बसवतात. त्या साली नाटक होतं दोन भावांचं. थोरला भाऊ वाटणीत धाकट्याला फसवतो, नाटकभर दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि शेवटी थोरला येऊन म्हणतो, "चुकलं माझं." बस्स. दोन शब्द. त्यावर धाकटा म्हणतो, "दादा, मी तुला माफ केलं," आणि पडदा. पडदा ओढायला मी, थोरला गहिनीनाथ, आणि धाकटा कोण, तर छगन गिरणीवाला.

आता खरी गोम ऐका. गहिनीनाथला सख्खा धाकटा भाऊ आहे, सहादेव. आणि ह्यांच्या वाटणीत विहिरीकडचं रान ह्यानं ठेवलं, माळाकडचं सहादेवच्या पदरात टाकलं. खोटं कशाला बोलू, अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तेव्हापासून भाऊ भावाशी बोललेला नाही. आणि ह्याला ते आतून खात होतं, म्हणून तर ह्यानं थोरल्याचं काम मागून घेतलं! घरी जाऊन जे तोंडातून निघत नाही ते तोंडाला रंग लावून म्हणायचं, आणि सहादेवनं ते ऐकायचं. बेत वाईट होता का? मी म्हणतो, झकास बेत होता!

पण तालमी सुरू झाल्या आणि ह्याचे प्रश्न सुरू झाले. हा थोरला चुकलं म्हणतो, पण त्याला नक्की काय चुकलं वाटतं? रान घेतलं ते, की भावाला चारचौघांत खाली बघायला लावलं ते? आणि इतकं वाटत होतं तर इतके दिवस गप्प का बसला? भीती, का लाज? लाज असेल तर आवाज वेगळा, भीती असेल तर वेगळा, आणि दोन्ही असतील तर... अरे, दोन शब्द! औत धरताना चुकलं माझं, न्हाणीत चुकलं माझं, जेवताना घास हातात धरून चुकलं माझं! शेवटी त्याची बायको, मालनबाई, म्हणाली, "बैलाची माफी कशापायी मागता? भाऊ बांधापल्याड ऱ्हातो, त्याला जाऊन म्हना." साधं होतं हो, साधं! पण साधं काही ह्याला पटेल तर शपथ! म्हणे, "तसं येकदम म्हनून चालत न्हाई, मानूस आतनं तयार व्हावा लागतो."

आणि दुसरीकडं छगन. छगनच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि तीही जरा तिरकी करून आत घालावी लागते. आदल्या साली राजा झाला, त्याच्या आधी फौजदार, दोन्ही वेळेला छाती पुढं, उजवा हात वर आणि गिरणीचं इंजिन चालू असल्यासारखा आवाज. गहिनीनाथनं त्याला कळवळून विचारलं, धाकटा माफ का करत असेल रे, तुला काय वाटतं? तर म्हणाला, "मला काय वाटायचंय? तुजं झालं की माजं. त्यात इचार काय करायचा?" गहिनीनाथ असा भडकला, की दोन दिवस त्याच्या गिरणीत दळण टाकलं नाही. मीही भडकलो. पण रज्जाकनं, त्याचाच तो लाउडस्पीकर, सगळ्यांना एकदाच बजावलं होतं, की माईक एकच आहे, बोलायचं ते त्याच्याखाली उभं राहून बोला, बाकी काय वाटेल ते करा. छगनला तेवढं एक कळलं. बाकीचं कळायची त्याला गरजच पडली नाही!

यात्रेच्या दिवशी मालनबाई स्वतः बांध ओलांडून गेली आणि सहादेवला घेऊन आली. आला हो! पहिल्या रांगेत येऊन बसला. शेवटचा प्रवेश. पडद्याचा दोर माझ्या हातात. गहिनीनाथ येतो, सहादेवकडं एक नजर टाकतो, आणि... वळतो! कोपऱ्याकडं! का? तर चुकलेला माणूस मधोमध कशाला उभा राहील, तो कोपराच धरणार. प्रेक्षकांकडं पाठ. का? तर भावाला तोंड दाखवायची लाज. आणि आवाज? विंगेत मी हाताच्या अंतरावर होतो, मलाच ऐकू आला नाही, कारण पस्तावलेल्या माणसाचा घसा दाटतो! आता काढा ह्यात चूक. सगळं बरोबर! खांदे असे हलत होते, की इकडं माझ्या डोळ्यांना धार लागली. पण माईक मधोमध टांगलेला होता, आणि त्याच्याखाली कोण? छगन!

लोक ओरडताहेत, "आवाज! अरं, आवाज!" रज्जाक कपाळ बडवतोय. छगननं बघितलं, ह्याचे खांदे हलायचे थांबले, म्हणजे आपली पाळी. छाती पुढं, हात वर, आणि "दादाऽऽ, मी तुला माफ केलंऽऽ!" कर्ण्यातून पार श्रीगोंद्याला ऐकू गेलं असेल. टाळ्या, शिट्ट्या, टोप्या उडाल्या! मी पडदा ओढणार, तेवढ्यात यात्रा कमिटीचे रंगनाथअण्णा नाटक थांबवून माईकवर, "छगनराव गिरणीवाले यांना उत्कृष्ट अभिनयाबद्दल फेटा!" उत्कृष्ट अभिनय! आणि ज्यानं खरं रडून दाखवलं तो अजून कोपऱ्यात, पाठमोरा.

बरं, हेही सोडून देऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी सहादेव आपण होऊन बांध ओलांडून आला. मी तिथंच चहा पीत होतो, म्हणून छातीठोक सांगतो. उभ्या उभ्याच म्हणाला, "दादा, छगननं माफ केलं ते समद्या गावानं ऐकलं. पन कशाला माफ केलं ते मला काय ऐकू आलं न्हाई. तू काय म्हनत हुतास?"

आता बोला! मालनबाईनं चुलीपासून मान वर केली, मी बशी खाली ठेवली. इथं ना माईक, ना कर्णा, ना छगन. भाऊ समोर कान देऊन उभा. म्हण की रे बाबा! आणि हा तोंड उघडतो, मिटतो, परत उघडतो. मला दिसत होतं हो, आत काय गोंधळ चाललाय ते! बसून म्हणू का उभा राहून, आधी विहिरीचं काढू का आधी माळाचं, आणि आत्ता म्हटलं तर ह्याला नाटकच वाटायचं का... आणि शेवटी म्हणतो काय?

"पुढच्या यात्रेला ये. पुढल्या वर्सी नीट म्हनतो."

सहादेव बिचारा मान हलवून गेला. आणि मग पावसानं तोंड फिरवलं, विहीर आटली, ह्या साली यात्रा नारळ फोडण्यापुरती, कसलं नाटक आणि कसलं काय! आता दोघं भाऊ दुष्काळी कामावर आहेत, आणि मुकादमानं नेमकं एकाच ढिगावर बसवलंय, समोरासमोर, दिवसभर खडी फोडत. मला वाटलं, देवानंच आणून बसवलं. काल दुपारी गहिनीनाथला बाजूला घेतलं आणि विचारलं, म्हटलंस का रे? तर म्हणतो, "म्हननार हाय. पन हातुड्याचा आवाज लई हाय, जरा थांबला की म्हनतो."

आणि हातोडा कोणाच्या हातात? ह्याच्याच!