एकोणतीसच्या पुढं

विजया : …आणि इथे नानांनी लिहिलंय, "पूर्वी गाव ओढ्याच्या पलीकडे होते. प्लेगच्या साथीत ते अलीकडे हलले."

अमिनाबी : प्लेग कशाचा, बाई. सुनांनी हलवलं. विहीर अलीकडं, घरं पलीकडं. डोईवर घागर घेऊन रोज चिखल कोण तुडवणार? माझी सासू सांगायची. तुझ्या नानांना म्या दोनदा सांगितलं, तर म्हणले, अमिनाबी, प्लेग लिहिला की लोक मान डोलवतात.

चाँद पाशा : दुपारपासून तीच वही मांडीवर घेऊन बसलीस, बेटा. तुझे नाना, आमचे मास्तर, जाऊन दोन महिने झाले. बोल, काय अडलंय?

विजया : इतिहासाचं काही नाही, चाचा. भूगोल अडलाय. शेवटच्या पानावरचा हा गावाचा नकाशा शाळेत लावावा म्हणून मी इन्स्पेक्टरसाहेबांना दाखवला. ते म्हणाले, अंतरं चुकली आहेत. दुरुस्त करून आणा, नाहीतर राहू द्या. मला राग आला. आज सकाळी मी स्वतः पावलं मोजली.

चाँद पाशा : मग?

विजया : विहीर ते चावडी, नानांची दोनशे दहा पावलं. माझी एकशे दहा. चावडी ते ओढा, त्यांची साडेतीनशे, माझी दोनशेसुद्धा नाहीत. आणि दर्ग्याचा चढ तेवढा अगदी बरोबर.

अमिनाबी : अवो, हसून काय राहिले? पोरगी रडकुंडीला आली इथं.

विजया : नाना असे नव्हते, चाची. शाईचा डाग पडला तरी पान पुन्हा लिहायचे. वर तारीख आहे, फसली सन तेराशे चाळीस. सोळा वर्षं हा नकाशा जपला त्यांनी. तो नुसत्या अंदाजाने काढलेला असेल, तर मला ते कळायला हवं.

चाँद पाशा : अंदाज न्हाई. एकेक पाऊल मोजलंय, मी संगं होतो. पण मोजत कोण होतं?

विजया : कोण?

चाँद पाशा : तू. पाच वर्साची. आकडे नवेनवे आले होते, दुसऱ्या कुणाला मोजूच देत नव्हतीस. सपाटीला तुझी पावलं. चढ आला की तू मास्तरच्या खांद्यावर, अन् मोजणी मास्तरची. म्हणून तेवढाच बराबर उतरला.

अमिनाबी : अन् ते एकोणतीसचं सांगा की.

चाँद पाशा : व्हय. एकोणतीस झाले की तू एकदम चाळीस म्हणायचीस. दर शंभरात दहा पावलं गायब. मी म्हणलो, मास्तर, लेकरू दहा पावलं खाऊन राहिलं. ते म्हणले, खाऊ दे पाशा, वाढतं वय हाय.

विजया : आणि त्यांनी तेच लिहून घेतलं?

चाँद पाशा : मी बी हेच इचारलं. घरी जाऊन नीट करा म्हणलो. तर म्हणले, मोजणी तिची हाय, मी कोण खोडणारा.

(विजया बराच वेळ हसत राहते. मग पदराने डोळे पुसते.)

अमिनाबी : आता साहेबाला काय देशील? खोडशील हे?

विजया : नाही. हा असाच घरी राहील. शाळेला दुसरा काढते, नवीन मोजून. तुम्ही याल सोबत, चाचा?

चाँद पाशा : ह्या गुडघ्यांनी? माझ्या पावलांनी मोजलंस तर आपलं गाव हिंगोलीला जाऊन भिडंल.

विजया : मोजेन मी. तुम्ही नुसते चला.

चाँद पाशा : चलतो की. पण चढावर मला कोण खांद्यावर घेणार, ते आधी ठरवा.

अमिनाबी : बसा खाली मग वाट बघत. बाई, सकाळी भाकरी बांधून देते. किती वेळच्या देऊ?

विजया : दोन वेळच्या द्या, चाची. गाव मोठं आहे.