गोळी आणि मुळ्यांची बाटली

(डोमिनिकन खेड्यातली सकाळ. एउलालियाबाई गावात मृतांसाठी प्रार्थना सांगतात. नेरेइदाचा नवरा सिरिलो नुकताच वारला आहे.)

नेरेइदा : दार उघडा, मावशी. मी भांडायला आलेली नाही.

एउलालिया : कोणत्या तोंडाने उघडू, पोरी? सिरिलोच्या आत्म्यासाठी मागायची शांती मी काल प्रार्थनेत तुझ्या जित्याजागत्या दिराचं नाव घेऊन मागितली.

नेरेइदा : फेर्मिन भावजी अजून स्वतःचं मनगट धरून बसलेत. नाडी लागते म्हणे, पण खात्री नाही.

एउलालिया : थट्टा नको. मी घोरलेसुद्धा ना?

नेरेइदा : संतांच्या नामावलीत, मधोमध. लोक म्हणाले, मावशी पिऊन आल्या.

एउलालिया : पाठीत उसण भरली होती ग. गुडघे टेकवेनात. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आखडलेले स्नायू सैल करणारी गोळी दिली.

नेरेइदा : गुंगी येईल, हे नाही सांगितलं?

एउलालिया : सांगितलं. दारूबरोबर मुळीच घेऊ नका, असंही बजावलं. मी म्हटलं, बाई, उभ्या जन्मात मी दारूला शिवलेली नाही.

नेरेइदा : मग?

एउलालिया : मुळ्यांच्या बाटलीतल्या घोटाबरोबर घेतली.

नेरेइदा : अहो मावशी! त्या मुळ्या भिजतात कशात? रममध्येच ना?

एउलालिया : माझी आई त्याला औषध म्हणे. म्हणून मीही. औषधावर औषध घेतलं, एवढंच माझ्या ध्यानी आलं.

नेरेइदा : मग हेच सांगते लोकांना. नऊ दिवसांतली आज शेवटची प्रार्थना. तुमच्यावाचून सिरिलोला निरोप कोण देणार?

एउलालिया : मी कशी येऊ? त्याच्या आईच्या शेवटच्या प्रार्थनेला त्याच्या तोंडाला रमचा वास आला, म्हणून मी त्याला बाहेर घालवलं होतं. तिच्या पोटच्या पोराला. सर्वांदेखत.

नेरेइदा : ठाऊक आहे.

एउलालिया : संतापून निघून गेला असेल.

नेरेइदा : कुठला जातोय! अंगणातल्या चिंचेखाली उभा होता. तुम्ही घ्याल त्या प्रत्येक संताच्या नावाला तिथून ‘आमच्यासाठी विनवणी कर’ म्हणत होता. अगदी शेवटपर्यंत.

एउलालिया : मला नाही ग ऐकू आलं.

नेरेइदा : आत कुणालाच नाही. मी पाणी द्यायला गेले, तेव्हा कळलं.

एउलालिया : नेरेइदा, माझी खुर्ची आज त्या चिंचेखाली मांड. मी तिथूनच सांगेन.

नेरेइदा : आत ऐकू यायचं नाही, मावशी.

एउलालिया : त्या दिवशी दार मीच लावून घेतलं होतं. आज उघडं ठेव.