विहिरीतला ढावलो

मी शीला भारत आडे, वय ३५ वर्षे, धंदा खाजगी संगणक वर्गात शिकवणे, राहणार टेकडी तांडा, ता. दिग्रस, जि. यवतमाळ. समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, काल संध्याकाळी आमच्या विहिरीतून बाईचा आवाज आला, हे खरं आहे. विहिरीत बाई पडली होती, हे खरं नाही.

मी सासूबाई जमनाबाई आणि नणंद सोनू यांच्यासह राहते. पती वणीकडे ट्रकवर असतात. सोनूचं लग्न येत्या रविवारी आहे. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो म्हणते. ढावलो म्हणजे सुरात रडणं. तांड्यातल्या पोरींना तो सासूबाईंनीच शिकवला. स्वतःच्या पोरीला शिकवायची वेळ आली तेव्हा गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. मला ढावलो अर्धाच येतो. ऑपरेशनच्या आधी मी तो त्यांच्या तोंडून फोनवर भरून घेतला होता, पण मागे कुलर चालू होता. निम्मे शब्द कुलरनं खाल्ले.

ती घरघर काढून टाकायला मी दिग्रसच्या एका दुकानातून नवा लॅपटॉप घेतला. कुलरचा आवाज काढायला आणलेलं यंत्र स्वतःच कुलरसारखं घरघरायचं, वारा मात्र भट्टीचा. काम अर्ध्यावर आलं की पडदा गोठायचा, मग काळा व्हायचा. पुन्हा पहिल्यापासून. मी रडकुंडीला आले होते. दुकानात नेला तर दुकानदार म्हणाला, “ताई, मे महिन्यात इकडे माणूस गरम होऊन राह्यला, मशीन काहून नाही होणार?” नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी त्या लॅपटॉपला म्हणाले, तर आमच्या सोनूलाच राग आला. ती म्हणाली, “ढावलो जसा हाय तसाच फोनवर लावून देजा, वैनी. मले असं रडता नाही येत.” सासूबाई तिथेच होत्या. त्या उठून बाहेर गेल्या.

काल दुपारी लॅपटॉप परत बंद पडला तेव्हा मी तो आपटणारच होते. सासूबाईंनी माझा हात धरला. त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं, मग बादलीकडे, मग विहिरीकडे. उन्हाळ्यात दूध नासू नये म्हणून आम्ही चरवी विहिरीत सोडतो. मला हसू आलं, पण दुसरा उपाय नव्हता. लॅपटॉप चार्ज केला, काम सुरू केलं, आवाज मोठा ठेवला आणि उघडाच बादलीत ठेवून पाण्याच्या वर गारव्यात टांगला. काम झालं की ढावलो आपोआप वाजेल अशी सोय केली होती. मग मी निंबाखाली खाटेवर पडले.

ऊन उतरताना माझा डोळा लागला. स्वप्नात सासूबाई बोलत होत्या. काय ते आठवत नाही, पण आवाज पूर्वीचा होता. जाग येऊन विहिरीशी गेले तरी तो चालूच होता. विहिरीतून पारवे उडत होते, आतल्या दगडांवर निळसर उजेड हलत होता, आणि आवाज पाण्यावरून वर येता येता मोठा होत होता. कुलर कुठेच नव्हता. एकेक शब्द धुऊन ठेवल्यासारखा. हवालदार साहेबांनी सांगितलं की स्वप्न जबाबात घेता येत नाही. पण मी तेव्हा पूर्ण जागी होते की नाही, हे मला आजही सांगता येत नाही, म्हणून तेवढं लिहून घ्यावं.

शेजारी गुलाबसिंग बकऱ्या घेऊन येत होते. त्यांनी आवाज ओळखला. “जमनाकाकी विहिरीत पडली! जित्ती हाय, रडून राह्यली!” असं ओरडत त्यांनी तांडा गोळा केला आणि पोलिसांना फोन लावला. जमनाकाकीला आता आवाजच नाही, हे कुणालाच सुचलं नाही. लोक दोर बांधून विहिरीत खाट सोडायला लागले. आत लॅपटॉप आहे असं मी सांगत होते, पण गलक्यात कुणी ऐकलं नाही. सासूबाई त्याच गर्दीत पदर तोंडाला लावून, वाकून स्वतःचा आवाज ऐकत होत्या. त्यांच्याकडे कुणी पाहिलं नाही.

खाट बादलीवर आदळली आणि लॅपटॉप बंद पडला. ढावलो मधेच तुटला. गुलाबसिंग “गेली” म्हणून खाली बसले. त्यांचं म्हणणं आहे की त्यानंतरही आवाज आला, म्हणून विहिरीत नक्की कोणीतरी आहे. त्याबद्दल सांगते. लॅपटॉप तेव्हापासून सुरू झालेला नाही. जिथे ढावलो तुटला तिथून पुढे सासूबाईंनी ओठ हलवले. आवाज आला नाही. शेजारी सोनू उभी होती. आई दुसऱ्यांच्या पोरींना शिकवायची ते ऐकून ऐकून तिला शब्द येतच होते. तिनं आईच्या ओठांकडे बघत तिथूनच उचललं आणि आईच्या गळ्यात पडून शेवटपर्यंत नेलं. सोनू ढावलो म्हणत होती. विहिरीनं तो घुमवला, त्यामुळे गुलाबसिंग यांचा गैरसमज झाला. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार नाही. दुकानदाराविरुद्ध आहे, ती वेगळी देईन.

माझा जबाब मला वाचून दाखवला तेव्हा सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. शेवटी ‘सोनू रडत होती’ असं लिहिलं होतं. तिथे त्यांनी हात वर करून वाचणं थांबवलं. ते खोडून ‘सोनू ढावलो म्हणत होती’ असं करून घेतलं आहे. आता बरोबर आहे.