मागचं डावं चाक

हॅलो?

हां छकू, बोल. … ऐकू येतंय, ओरडू नकोस. … दिवा? कसला दिवा?

थांब. आधी सांग, गाडी थांबवलीस का? … रस्त्यात नाही ना? पांढऱ्या रेघेच्या बाहेर घे. … घेतलीस? आता तो लाल त्रिकोण दाब, दोन्ही बाजूंचे दिवे लागतात त्याने. … हां, टिकटिक येतेय ऐकू.

आई? … मागे बसलीय ना, मी बसवली तशीच? उजवीकडे? … बरं. तिला सांग ताईशी बोलतेय. घाबरण्यासारखं काही नाही.

आता बोल. रंग कोणता त्या दिव्याचा? … पिवळा. लाल नाही, नक्की? … चित्र कसलं आहे? … कढई? खाली दाते असलेली कढई? आणि मध्ये उद्गारचिन्ह. … अगं, टायर आहे तो. कुठल्यातरी चाकात हवा कमी झालीय, एवढंच.

नाही. … नाही नाही, छकू, ऐक. परत फिरायचं काही कारण नाही त्यात. हवा कमी झाली तर हवा भरतात. माणसं घरी परत नेत नाहीत.

मी? मी बॅग भरतेय. दीडला टॅक्सी येणार आहे. … हो, आजच. असं काय विचारतेस? उद्या सकाळी तलावावरच्या केंद्रात हजर व्हायचंय मला. सहा महिने मी तिकडे, सहा महिने आई तुझ्याकडे. तूच म्हणालीस ना तेव्हा, 'ताई, तू जा बिनधास्त, आई काय तुझी एकटीची आहे का.' … लक्षात आहे ना? बरं झालं.

कुठपर्यंत पोचलात? … पुलाजवळ म्हणजे? ओलांडला की अलीकडे? … जवळ. ठीक आहे. जवळ तर जवळ.

दिवा आत्ताच लागला का? … मघाशी पण लागला होता? मग विझला कसा? … आपोआप? अगं, आपोआप नाही विझत तो. … कोणतं बटण?

स्टीअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. … दाबून धरलंस. आणि दिवा विझला. हे तुला कुणी शिकवलं? … वाटलंच. जावईबापूंनी. कधी? … गेल्या आठवड्यात गाडी नेलीत तेव्हाच? म्हणजे तेव्हाही लागला होता, आणि मला कळवावंसं वाटलं नाही कुणाला? … क्षुल्लक. हो ना.

नाही, मी चिडत नाहीये. ऐक फक्त. त्या बटणाने हवा येत नाही गं टायरमध्ये. ही गाडी हवा मोजतच नाही, ती चाकांचे फेरे मोजते. हवा कमी झाली की चाक किंचित लहान होतं, आणि लहान चाकाला तेवढ्याच रस्त्यात जास्त फिरावं लागतं. … हो, उलटंच वाटतं ऐकायला. ज्याच्यात हवा कमी, तेच जास्त धावतं. गाडीला तो फरक कळतो आणि ती दिवा लावते. आणि बटण कशासाठी, तर चारही चाकांत नीट हवा भरल्यावर तिला सांगायला, की हे योग्य, हे धरून चाल. तुम्ही हवा न भरताच दाबलंत. म्हणजे काय सांगितलंत तिला? कमी आहे तेच योग्य. मग ती गप्प बसली. आणखी कमी झाल्यावर पुन्हा बोलली, तर तू पुन्हा दाबलंस.

जावईबापूंचं यंत्रज्ञान राहू दे. तू डिकी उघड.

वॉकर बाहेर काढ आधी. … अगं, आडवा कर, दुमडतो तो. बाजूच्या खिडकीला टेकवू नकोस, चरे पडतील. … डाव्या कोपऱ्यात निळी पिशवी आहे. त्यात हवा मोजायचं गेज आणि छोटा पंप. … गेज म्हणजे तो लहानसा, काट्याचा. हां.

आता ड्रायव्हरचं दार उघड. दाराच्या चौकटीवर खाली एक कागद चिकटवलाय. किती लिहिलंय? … तेहेतीस. तो थंड टायरचा आकडा. आता तू तासभर चालवून आलीयस, हवा तापलेली असणार, म्हणून दोन-तीन जास्त दिसले तर गोंधळू नकोस. डाव्या बाजूपासून सुरू कर, तिकडे वाहनं नाहीत. झाकण काढ, गेज सरळ दाब. … फुस्स झालं म्हणजे वाकडं लावलंस. परत. … घाई नाही. मला घाई आहे, पण तुला नाही.

पुढचं डावं? … चौतीस. छान. मागचं डावं? … परत बघ. … एकवीस?

छकू, एकवीसवर आईला घेऊन त्या वेगात… जाऊ दे. खाली वाक आणि त्या टायरवरून नजर फिरव. काही रुतलंय का? … चकाकतंय? खिळा आहे? … स्क्रू. काढू नकोस! काढलास तर उरलेली हवाही जाईल. तो आहे म्हणून तरी टिकलंय. तो राहू दे तिथेच.

उजवीकडची दोन्ही मोज आता. मागून काही येत नाही ना, बघ आधी. … छत्तीस? दोन्ही? … नाही, बिघडलेलं नाहीये गेज. त्या बाजूला ऊन असेल, उन्हातल्या टायरमध्ये एकदोन जास्तच दिसतात. सावलीतल्या…

काही नाही. पंप लाव तू. त्याची पिन लायटरच्या जागी घाल, नळी त्या मागच्या डाव्या चाकाला. इंजिन चालू ठेव. छत्तीसला थांबव. … हां, आवाज येतोय. पाच-सात मिनिटं लागतील. मग हळूहळू चालव, पंक्चरवाला दिसला की थांब. स्क्रू काढून आतून ठिगळ लावायला सांग त्याला, अर्ध्या तासाचं काम.

आई काय म्हणतेय मागे? … ऊन लागतंय तिला? डोळ्यावर?

कुठून?

छकू. गाडीचं तोंड कुठे आहे?

रस्त्याला लागूनच उभी आहेस ना? कुठे आत वळली नाहीयेस? … मग ऐक. तुझ्या घराचा रस्ता सरळ दक्षिणेला जातो. सकाळभर ऊन डावीकडून येणार, म्हणून मी मुद्दाम आईला उजवीकडे बसवलं. उशी लावली, पट्टा लावला, काचेला टॉवेलसुद्धा लावला नाही, लागणारच नव्हता. आणि आता उजव्या बाजूचे टायर तापलेत, आणि आईच्या डोळ्यावर ऊन येतंय. पूल ओलांडलास ना तू? एकदा ओलांडलास, की दोनदा?

… दोनदा.

कधी वळलीस? … म्हणजे दिवा लागायच्या आधीच. मग दिवा लागला, आणि तुला बरंच झालं. सांगायला कारण मिळालं. … रडतेस काय. रडू नकोस, पंपाकडे लक्ष दे. किती झालं? … सत्तावीस. चालू दे.

हो, ऐकतेय. … जावईबापूंचा फोन आला. मग? … गाडीच्या स्पीकरवर? अगं छकू! आई मागे बसलेली असताना? … काय म्हणाले? … नाही, शब्दाला शब्द सांग मला.

'सहा महिने म्हणजे खरंच सहा महिने की काय.' … आणि तू काय म्हणालीस? … 'बघू.' आईच्या देखत तू म्हणालीस 'बघू.'

मग आईच म्हणाली वळव म्हणून? … हं. आईच म्हणाली, आणि तू आज्ञाधारक मुलीसारखी लगेच वळवलीस. एरवी कधी ऐकलंस तिचं इतक्या चटकन?

फोन दे तिच्याकडे. … मी ओरडणार नाही. दे.

आई? … हो, मीच. दुसऱ्या कानाला लाव, त्या कानाने येत नाही ऐकू तुला. … हां. पाणी प्यायलीस? …

आई, त्याच्या बोलण्याचं लावून घेऊ नकोस. … माहितीय. माहितीय मला, कसं वाटलं असेल ते. परक्याच्या दारात… नाही, परकी नाहीये ती. तुझी मुलगीच आहे. धाकटी, लाडकी. … लाडकी नाही तर काय.

काय? … तिची जागा लहान आहे, हो. मुलं लहान आहेत. तिला जमायचं नाही. … आणि मला?

हं.

मला सवय आहे.

… नाही, ऐकलं मी. परत नको म्हणूस. … हो, मी कधी तक्रार केली नाही. तुझं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा हेच तलावाचं काम सोडलं, तेव्हाही नाही केली. छकूचं बाळंतपण होतं तेव्हाही नाही. म्हणून तुम्हाला सगळ्यांना वाटलं, ठीकच चाललंय. … तुझी चूक नाही गं. मीही दर वेळी म्हटलंच ना, होईल काहीतरी. मलाही खरंच वाटायला लागलं होतं.

नाही, रागावले नाही. … रागावलेय. हो आई, रागावलेय मी. तुझ्यावर पण.

या वेळी नाही म्हटलं तर केंद्रवाले पुन्हा विचारणार नाहीत मला. पुढच्या वर्षी माझं वय बसत नाही त्यांच्या नियमात. … पाण्याचंच काम. तलावाचं पाणी दर आठवड्याला तपासायचं, कशाने बिघडतंय ते शोधायचं. … लहान काम? असेल. मला तेच येतं आणि मला तेच करायचंय.

अपमान झाला, मान्य आहे. तरी तू तिथेच जायचंयस. … कारण दुसरं घर नाहीये आज. … निष्ठुर तर निष्ठुर. आई, मला असं बोलायला लावू नकोस, मी फोनवर… बरं. बरं, नको बोलूस. छकूकडे दे.

… हॅलो. किती झालं? … पस्तीस. आणखी थोडं. … काय म्हणालीस? 'आता इतक्या जवळ आलोच आहोत तर'? कशाच्या जवळ?

घराला कुलूप असेल, छकू. … किल्ली कुणाकडे ठेवलेली नाही. शेजारी पण नाही. माझ्याबरोबर नेतेय. … नाही, उद्या पण नाही. सहा महिने म्हणजे खरंच सहा महिने. हे शब्द जावईबापूंनाच सांग, त्यांचेच आहेत.

… मी असं करेन असं वाटलं नव्हतं? मलाही नव्हतं वाटलं. काल रात्रीपर्यंत तुम्हा सगळ्यांसाठी डबे भरत होते मी.

झालं छत्तीस? बंद कर. नळी काढ, झाकण घट्ट लाव. वॉकर आत टाक. … नाही! बटण दाबायचं नाही. अजिबात नाही. पंक्चर काढून होऊ दे, चारही टायर थंड होऊ दे, चारही तेहेतीस करून घे, मगच दाब. तोवर तो दिवा लागलेला असला तर असू दे लागलेला. दिसू दे समोर. काही होत नाही दिवा दिसला म्हणून.

काय? … आईला पलीकडे बसवू? उन्हातून? … नको. उठबस नको तिला, खुबा दुखतो. ती बरोबर बसलीय, छकू. तू गाडी वळव. वळवलीस की ऊन आपोआप दुसऱ्या बाजूला जाईल.

ठेवते.