मामावर कोणी बसायचं नाही

—थांबा, थांबा मॅडम, कात्री लावू नका अजून! आधी माझं ऐका. तोंडात टाचण्या आहेत ना तुमच्या? राहू द्यात, तेच बरं आहे. काढल्यात की तुम्ही ‘होत नाही’ म्हणून मोकळ्या व्हाल, आणि मग मला आमच्या बांतामा वस्तीत तोंड दाखवायला जागा नाही. नुसती मान हलवा. फोसुआ मावशीनं हा कापडाचा गठ्ठा पाठवला तेव्हा काही बोलली का? नाही ना? बोलणार कशी! माझ्याशी तर ती परवापासून बोलत नाहीये. बोलते ती भिंतीशी, मला ऐकू जाईल अशा आवाजात— ‘आपल्या घरात डिझायनर आहे बरं का!’

मीच ती. बिरागो. कापडाचं डिझाइन शिकते, इथेच, कुमासीत. शेवटचं वर्ष. आणि हा जो हसतोय ना कापडावर, थाळीएवढा, तो अद्दाई मामा, आईचा थोरला भाऊ. जन्मभर टेचिमानहून यामच्या कंदांचे ट्रक आणले. पिकलं पान होऊन गेला, म्हणून दुःखाचं लाल-काळं नाही, काळं-पांढरं. नाहीतर मला नारिंगी हवा होता. हो, मयताला येणाऱ्यांच्या कापडाला नारिंगी! हसा तुम्ही. टाचण्या सांभाळून हसा.

आता तुम्ही म्हणाल, चूक काय झाली? काही नाही. कापड नुसतं टांगलं तर फार सुंदर दिसतं. घोळ असा आहे की माणसं बसतात. शनिवारी मामाच्या मयताला घरच्या सगळ्या बायका हेच घालणार, आणि सगळा गाव खुर्च्यांवर बसणार, दिवसभर. आणि काबा म्हटलं की ब्लाउज आणि घट्ट स्कर्ट, तो स्कर्ट शिवला की मामाचं तोंड येतं नेमकं— बरोबर, तिथेच. परवा मावशीनं नमुन्याचा तुकडा कमरेला गुंडाळून पाहिला, आरशासमोर एक गिरकी घेतली आणि स्टुलावर बसली. सगळ्या बायकांच्या नजरा स्टुलावर. मग पलीकडची म्हातारी म्हणाली, ‘अगं उठ, भावाचा जीव गुदमरेल.’ संपलं! मावशी अशी उठली, अशी उठली की स्टूल पडलं. म्हणाली, ‘माझ्या भावावर कोणी बसायचं नाही. एकाही बाईच्या बुडाखाली तो दिसला, तर सगळ्या साध्या काळ्यात येतील आणि हा गठ्ठा ट्रंकेत जाईल.’ म्हणजे मामा जाणार तो त्याच्या कापडाशिवाय. ज्याला कोणी नाही त्याच्यासारखा. आणि ते माझ्यामुळे.

हे सगळं मी कसं केलं ते ऐका ना. तुम्ही मोजा, मी बोलते. आमचे सर म्हणतात, डिझाइन महत्त्वाचं नाही, त्यामागची प्रक्रिया महत्त्वाची. तर माझी प्रक्रिया. मामा गेला, सगळे म्हणाले बिरागो कापड काढेल, आणि मी विचारात पडले. विचारात पडले म्हणजे काय, तर पलंगाखालचा केर काढला. सगळ्या पेन्सिलींना टोकं केली. केळी तळून खाल्ली. मग इतरांनी काय काय केलंय ते बघत बसले आणि माझा धीर इतका खचला, की परत केळी तळली. मामा तिकडे मयताच्या दिवसाची वाट बघत शवागारात थंडीत पडलाय, आणि मी इकडे संकल्पना शोधतेय! मावशी रोज विचारायची, झालं का गं? मी म्हणायची, मावशी, ते आतून यावं लागतं. आतून! काय बोलते मी कधी कधी.

शेवटी छापखान्यातून निरोप आला, उद्या द्या नाहीतर राहू द्या. मग एका दुपारीत केलं. रस्ता, याम, मामा. बास. कच्ची रेखाटनं? ती नंतर काढली हो, सरांना दाखवायला. थोडा कोकोही सांडला त्यांच्यावर, झिजल्यासारखी दिसावीत म्हणून. सर म्हणाले, ‘बघा, याला म्हणतात शोध!’ सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या.

आणि मावशी सांगत होती, देवाशपथ सांगत होती, की छोटे छोटे चेहरे कर, सगळीकडे, लोक करतात तसे. मी म्हटलं, ते फार बाजारी दिसतं. मला धीट काहीतरी करायचं होतं. घ्या धीट! छोटे असते तर कोणाच्या लक्षात तरी आलं असतं का? पण मी ते संगणकाच्या पडद्यावर बघत होते ना, सपाट, उभं. कापडाच्या आत माणूस असतो, माणसाला बूड असतं— कापडाचंच शिक्षण घेतेय मी, मॅडम, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

एक मात्र आहे. चेहरा. मावशीनं ओळखपत्रावरचा फोटो दिला होता, त्यात मामा असा बघतोय की जणू त्याचा ट्रक पोलिसांनी अडवलाय. तो मी वापरलाच नाही. हा आठवून काढला, हसताना, तो दात पडलेला तसाच ठेवून. मावशी भांडली, दात भर म्हणून. नाही भरला. ते एवढंच काही प्रक्रिया-बिक्रिया न करता आलं. पेन्सिल टेकवली आणि मामा आला. रडायला वगैरे नाही आलं हं मला. मी कामात होते.

काय? असं फिरवून? पुढच्या बाजूला... थांबा, म्हणजे मामा गुडघ्यावर येईल? चालेल की! जन्मभर त्याचे गुडघेच दुखले. आणि मागच्या बाजूला नुसते याम येतील असे तुकडे काढायचे? यामवर बसू दे सगळ्यांना खुशाल! अहो मॅडम, तुमचे पाय कुठे आहेत, धरू द्या मला.

मग मान का हलवताय? कापड पुरत नाही? सगळ्यांच्या मागच्या भागाला जास्तीचं लागेल... हो, लागेलच, मध्ये मध्ये मामा मीच पेरून ठेवलाय ना. किती कमी पडतंय? एका काब्याचं?

मग माझ्या काब्याचं घ्या. ते खालचं, दोरीनं बांधलेलं. अहो घ्या हो. मला काय करायचंय, मी फोटो काढत हिंडणार, मागे उभी राहीन. असेल माझ्याकडे काळं काहीतरी. कापा. कापा म्हणते ना!

...बघा, बसलं की सगळं. हा काय उरला? एक चेहरा? टाका कोपऱ्यात. नको टाकू? माझ्या काळ्या ब्लाउजवर? नाही, पुढे नको. छातीवर नको, मॅडम. पाठीवर लावा. वर, इथे, खांद्यांच्या मध्ये. मी बसले तरी त्याच्यावर कोणी... कारण असं आहे, आई गेली तेव्हा मी तान्ही होते. घरात बायका होत्या, पण मी राहायची ती मामाकडेच. तो आईचंच कापड घेऊन मला पाठीला बांधायचा, बायका बांधतात तसं, आणि तसाच याम उतरवायचा. सगळा बाजार हसायचा, पुरुषमाणूस पाठीला पोर बांधून फिरतोय म्हणून. तर तो म्हणायचा, हसा, झोपलीये ती. मोठी झाल्यावर मी सांगायची त्याला, तू दमलास की मी घेईन तुला पाठीवर. तो म्हणायचा...

नाही, रडत नाहीये. टाचणी लागली. शिवा तुम्ही.