उपसभापतीची खुर्ची आणि नव्या तांदळाची खीर

ऐका हो ऐका! तालुक्यातल्या समस्त बंधू-भगिनींना कळविण्यास अत्यंत गंभीर दुःख होते की, माननीय श्री. बिमलभाऊ मासोळीवाले हे पंचायत समितीचे उपसभापती होता होता राहिले आहेत, तरी सर्वांनी हातातली कामं सोडून दोन मिनिटं स्तब्ध उभं राहावं!

हसा ताई, मासोळी घेता घेता हसा. मी बी हसतो. रडून पाह्यलं, त्यात मजा नाई.

माहा जन्म निर्वासितायच्या कॅम्पातला. माय-बाप पूर्व बंगालातून आले, रायपूरकडे तंबूत राह्यले, मंग सरकारनं ट्रकात बसवलं आन् मुलचेऱ्याच्या जंगलात आणून उतरवलं, म्हणे हे तुमचं गाव. बाप सांगे, गाव कुठी होतं, झाडं होते न अस्वलं होते. तुमी कुठले म्हणून फक्त अस्वलानं विचारलं नाई, बाकी सगळ्यायनं विचारलं, अजून विचारून राह्यले. मी तवा मायच्या काखेत. मराठी मी शिकलो बाजारात, मासोळ्या विकता विकता, कारण गिऱ्हाईक भाव पाडते ते आपल्याले समजलं पायजे ना. मंग मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेतल्या, नाटकात काम कराले लागलो. काय सांगू तुमाले, मी खलनायक झालो की बाया चपला काढत. लोक म्हणत, बंगाली असून काय मराठी बोलते! ते 'असून' मले लय टोचे.

तिथीच साहेबानं मले हेरलं. साहेब म्हणजे आमच्या पार्टीचे तालुक्याचे पुढारी, राइस मिलवाले, मूल गावाकडून इकडं आले, आन् त्यायचा बाप मूलले कुठून आला ते विचाराची इथी कोणाची छाती नाई. साहेब म्हणे बिमल, तुले राजकारणात आणतो, तू फक्त तुमच्या लोकायचे मतं आण. आणले ना! सतरंज्या टाकल्या, भोंगा घेऊन बोंबललो, गावोगाव फिरलो. सभेत साहेब माह्या खांद्यावर हात ठेवत, म्हणत, हे आमचे बंगाली भाऊ. एकदा मी म्हणलो साहेब, नुसतं भाऊ म्हणा ना. त म्हणे, येडा आहेस का, बंगाली म्हणलं की मतं दिसतात, नुसता भाऊ म्हणलं त नुसता तूच दिसतो.

असं करता करता मी पंचायत समितीवर निवडून आलो. आता सभापतीची खुर्ची इथी आदिवासी समाजासाठी राखीव आहे, आन् ते बरोबरच आहे, जंगल त्यायचं. पण उपसभापतीची खुली. साहेबानं सगळ्यायच्या समोर सांगितलं, अवंदा बिमल. घरी आलो, बायकोले सांगितलं. तिनं विचारलं, उपसभापतीले काम काय असते? मी म्हणलो, सभापती नसला की खुर्चीवर बसाचं. म्हणे, आन् असला की? पण मले ते पायजे होतं, ताई. बाप मेला तो कॅम्पवालाच म्हणून मेला. मले वाटे, त्या दारावर आपल्या नावाची पाटी लागली की माह्या पोरायले कुठले तुमी म्हणून कोणी विचारणार नाई.

आमच्यात निवडीच्या आधी सदस्यायले सहलीले नेतात. म्हणजे दुसऱ्या पार्टीनं पळवू नये म्हणून आपणच आधी पळवून ठेवाचं. तलावाकाठचा बंगला होता, सगळ्यायचे मोबाईल साहेबाच्या भाच्याजवळ, आन् रांधाचं काम? उपसभापतीजवळ! मी घरून नवीन तांदूळ नेला होता. आमच्या गावात नवान्न झालं होतं, देवाले नैवेद्य दाखवला होता, मी गुळाची खीर केली. आमच्यात मैनाबाई होत्या, जंगलातल्या गोंड गावच्या सदस्य, कमी बोलणाऱ्या. वाटीभर खीर खाल्ली आन् विचारलं, भाऊ, तांदूळ जुना न? मी मोठ्या तोऱ्यात म्हणलो, नाई बाई, नवा, माह्याच शेतातला! त्यायच्या हातातून वाटीच सुटली.

त्यायच्या गावात पंडुम झाल्याशिवाय नवं धान तोंडात घेत नाईत. गायता, म्हणजे गावचा पुजारी, आधी देवाले देते, मंगच गाव खाते. अवंदा गायता हिवतापानं पडला होता, म्हणून पंडुम राह्यला होता. मी समजलो, आमच्या देवानं पास केलं म्हणजे सगळ्या देवायनं केलं. जनमभर इथी राहून एवढी अक्कल नाई आली!

निवडीच्या आदल्या दिवशी परत आलो त मैनाबाईनं सोताच गावाले सांगितलं, आन् गावानं त्यायले बोलावलं. मी बी गेलो, म्हणलो चूक माही, बाईचा काय दोष. म्हातारे गोंडीत लय वेळ बोलले. मी पाया पडलो, म्हणलो मी बाहेरचा माणूस, मले तुमचं ठाऊक नव्हतं, माफी द्या. त एक म्हातारा मराठीत म्हणाला, बाहेरच्याले माफीच असते, त्याले काय सांगाचं. पण तू इथीच वाढला, आमच्या बाजारात बसते, आमच्या नाल्याचं पाणी पेते. तुले माफी कशाची? एक कोंबडा आन् एक मोहाची बाटली. ताई, हार घालणारे लय भेटले, दंड करणारे पहिल्यांदा भेटले. कोंबडा मी असा काखेत धरून नेला जशी वरात!

आन् निवडीच्या सकाळी साहेबानं मले ऑफिसाच्या मागं नेलं. म्हणे, बिमल, तू त घरचा माणूस, घरच्याले समजावता येते. लोक म्हणतात स्थानिक माणूस पायजे. मी म्हणलो, कोण स्थानिक? त साहेबाचा भाचा! तो, मोबाईल जमा करणारा! मतदार यादीत नाव घालाच्या थोडाच आधी बल्लारपूरहून दुचाकीवर आला होता तो, मंग साहेबानं त्याले सदस्य म्हणून निवडून आणला. मी अर्ज भरला नाई. पार्टीचा आदेश होता.

आता मी बाजारात बसतो. कतला, रोहू, सगळ्यायले एकच भाव. परवा साहेब आले होते, पुढची निवडणूक आली ना, म्हणे बिमल, भोंगा काढ. मी म्हणलो, साहेब, तुमाले उदंड आयुष्य लाभो, पण माहा गळा बसला. तुमच्याशी बोलून राह्यलो म्हणा ताई, ते येगळं.

पण निवडीच्या दिवसाचं एक राह्यलंच. सभागृहात भाच्याचं नाव जाहीर झालं, साहेब उठले, हात जोडले, म्हणाले, आज या मातीतल्या माणसाले न्याय भेटला, बिमलभाऊ आपलेच आहेत पण शेवटी बाहेरून आलेले, त्यायनं मोठ्या मनानं माघार घेतली, टाळ्या! टाळ्या झाल्या. मी बी वाजवल्या, नाटकातला माणूस. आन् मागच्या खुर्चीवरून मैनाबाई, ज्या सभेत कधी बोलल्या नाईत, त्या जाग्यावरूनच मोठ्यानं बोलून गेल्या, बाहेरचा असता त आमच्या गावानं त्याले दंड कशाले केला असता?