शुक्रवारची पूजा

घरी सर्व्हर बसवायचा तर बसवा, पण आधी आमच्या दादाची गोष्ट ऐका. त्याने नारपोलीच्या घरी सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ एका जागी ठेवायला छोटा सर्व्हर आणला. बॅकअपवरून मात्र आमचं वाजलं.

दादा म्हणाला, "असाच दुसरा आणून बाजूला लावू. कायम चालू ऱ्हायला पायजे."

मी म्हटलं, "बाजूला लावलास तर दोन्ही एकाच झटक्यात जातील. साधी हार्ड डिस्क बरी. कॉपी झाली की काढून कपाटात."

"आन् आठवण कोण ठेवनार?"

"शुक्रवारी आपले कापडाचे लूम बंद असतात ना? तेव्हा मी करीन."

त्याने दुसरा सर्व्हर आणलाच. मीही डिस्क आणली. दर शुक्रवारी ती जोडली की दादा ओरडायचा, "बसला बघा पूजेला!"

एका बुधवारी गेलेली लाईट आली ती अशी, की फ्रिज, टीव्ही, दोन्ही सर्व्हर, सगळं जळालं. दादा मटकन खाली बसला. त्याच्या पोरीच्या हळदीत आई नाचली होती, तो व्हिडिओ त्यातच होता. आई आता नाही.

मी उठलो. कपाटातली डिस्क काढून लॅपटॉपला लावली. आई नाचायला लागली.

या शुक्रवारी माझा चहासुद्धा झाला नव्हता, तर दादा अंघोळ करून समोर उभा, हातात डिस्क.

"ऊठ रे, पूजेला उशीर होतोय!"